रंगुबाईच्या वाट्याची बॅटरी

"बाईच्या आवाजात दम न्हाई," असं भाऊसो मंचावरून म्हणाला, तेव्हा माझ्या हातात पक्कड होती. ती त्याच्या डोक्यात घातली नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं.

सेहेचाळीस सालची गोष्ट. मी जोतीराम, मूळचा कोरेगावचा. लढाईवरून परत आलो आणि सांगलीच्या नानासोंच्या कर्ण्यावर कामाला लागलो. कर्णा म्हणजे लाउडस्पीकर: ट्रंकेएवढा अँप्लिफायर, बांबूला बांधलेले दोन भोंगे आणि ते चालवायला मोटारीची बॅटरी. पलटणीत मी बिनतारीवर होतो, त्यामुळं थकलेली बॅटरी कशी वागते हे मला पाठ होतं. नानासोंची परीक्षा मात्र एकच. दोन टोकांना तार टेकवायची आणि ठिणगी बघायची. "लखकन पडली न्हवं? मग झालं तर!" आमच्या धंद्यातले बरेच जण असंच बघायचे. अहो, मरायला टेकलेल्या बॅटरीचीही ठिणगी लखकन पडते. तिला तासभर ओढायला लावा, मग तिचं वय कळतं.

माधवनगरच्या एका गिरणीच्या दारात सभा होती. सूत गुंडाळणाऱ्या अकरा बायकांना मालकानं काढलं होतं आणि मागांवरच्या गड्यांना सांगितलं होतं की बायका आपणहून काम सोडून गेल्या. त्यांच्यासाठी सगळी गिरणी बंद ठेवायची का, हे त्या दुपारी हात वर करून ठरणार होतं. बायकांच्या वतीनं बोलणार होती रंगुबाई, जतकडची धनगरीण. पूर्वी तिनं माळावर हाक मारली की पल्याडची मेंढरं माना वर करायची म्हणे. सहा वर्षं कापसाचा भुगा नाकातोंडात गेला आणि घसा बसला. कर्ण्याशिवाय तिचं बोलणं दहा हातांवर पोचत नव्हतं, आणि समोर दीड हजार माणूस.

पण आधी बोलला भाऊसो, गिरणी कामगारांचा पुढारी. आवाज रेड्यासारखा. मग आप्पासो म्हणून त्याचा जोडीदार बोलला. मग पुन्हा भाऊसो, कारण त्याचं काहीतरी राहिलं होतं! पहिल्या अर्ध्या तासातच मला खुणा दिसायला लागल्या. अँप्लिफायरमधल्या काचेच्या वाल्व्हचा तांबूस उजेड मंदावला. पेटीतली घूं खाली उतरली. भाऊसोनं आवाज चढवला की शब्द फाटायचे आणि मीटरचा काटा पडायचा. तो श्वास घ्यायला थांबला की काटा परत वर. विसाव्याला बरी आणि कामाला लागली की बसली, म्हणजे बॅटरीचं भरत आलं. मी नानासोंच्या कानाला लागलो. ते म्हणाले, "सकाळी ठिणगी बघितलीया की रं मी. गप बस."

मी गप बसलो.

तासाभरानं रंगुबाई उभी राहिली. "आमी काम सोडलं..." एवढं आलं आणि पुढं नुसती खरखर. मागची माणसं हसली. कुणी हलकटानं शेळीसारखं बें केलं. तेव्हा भाऊसो ते दमाचं बोलला आणि "तुमी बसा बाई, मीच सांगतो" म्हणून त्यानं माईकला हात घातला.

माझं डोकं फिरलं. उडी मारून मंचावर गेलो. "घ्या भाऊसो! लय दम हाय न्हवं तुमच्यात? सांगा की!"

"बंधूंनो," तो म्हणाला. भोंग्यातून करडू ओरडल्यागत काहीतरी आलं. त्यानं बेंबीच्या देठापासून ओरडून पाहिलं, तर तेही गेलं. हसणारे गप्प झाले.

"आता कुणाच्या आवाजात दम न्हाई?" मी ओरडलो. "ब्याटरी मेलीया! नवी आलीया, पर ती नानासोंच्या मोटारीत हाय. मीच बसवलीया!"

"जोत्या, मोटारीला हात लावलास तर उद्यापास्नं कामाला यिऊ नगंस!" नानासो किंचाळले. तोवर मी बॉनेट उघडलं होतं. मागांवरचे दोन गडी आपणहून बॅटरी उचलायला आले.

तारा जोडल्या. वाल्व्ह लाल झाले. रंगुबाई पुन्हा उभी राहिली. आवाज घोगरा, पण शब्द अन् शब्द पार रस्त्यापर्यंत गेला.

"आमी काम सोडलं न्हाई. आमची अंजना पोटुशी हाय. ती चक्कर यिऊन पडली. तिला भाईर निऊन पानी पाजाया आमी बाकीच्या धा जनी उठलो. परत आलो तर दाराला कुलूप."

एवढंच बोलून ती बसली. हात वर झाले. भाऊसोचाही झाला, करतो काय!

सभा पांगल्यावर मी तारा गुंडाळत होतो. नोकरी गेली होती, तरी छाती फुगलेली. रंगुबाई जवळ आली. शाबासकी देणार असं मला वाटलं.

"दादा, ब्याटरी थकलीया हे तुमास्नी कवा कळलं?"

"भाऊसोचं पयलं भाषण चालू व्हतं, तवाच."

"तवा तिच्यात थोडा जीव व्हता न्हवं?"

"व्हता की."

"मग तवाच का न्हाई म्हनला, बाईला आदी बोलू द्या?"

पलीकडं नानासो मोटार ढकलायला माणसं गोळा करत होते. पक्कड अजून माझ्या हातातच होती. ती घेऊन रंगुबाईनं माझ्या डोक्यात घातली असती, तरी मी हूं की चूं केलं नसतं.