शाल पांघरलेली उदासी

मित्रांनो, मी खारबावच्या काळूरामबुवांचा जुना पखवाज; गाव मला मृदुंगच म्हणतं. शिसवाच्या ओंडक्यातून कोरून मला पोकळ केलं, दोन्ही तोंडांना कातडं मढवलं. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवली. डाव्या तोंडाला मात्र कीर्तनाआधी ताजी कणीक थापायची आणि संपलं की खरवडून काढायची. तेव्हाच माझा खर्ज घुमतो. ती कणीक बुवा स्वतः मळत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

शेलार, दापोडे, आसपासच्या कुठल्याही गावात सप्ताह असो, कीर्तनकार आधी विचारत, "काळूरामबुवा आहेत ना?" बुवांची थाप पडली की अभंग उभा राहायचा. तेव्हा देव माझ्या अगदी जवळ बसलाय असं वाटायचं.

मग काय झालं कुणास ठाऊक, बुवांनी मला खुंटीला टांगलं ते टांगलंच. जेवण कमी झालं, बोलणं तुटलं. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

"अवो, सप्ता आलाय. मृदुंग काढा ना," बुवांची बायको पुतळाबाई म्हणाली.

"नको वाटतं गो."

"मंग मी वाजवू? गाव पलंल!"

पूर्वी अशा बोलण्यावर बुवा खो खो हसायचे. आता मान वळवूनही पाहिलं नाही.

भजनी मंडळाचे केसरीनाथ आले, त्यांनी बुवांना निरखलं आणि हात जोडले. "मामी, मामांना वैराग्य आलंय! भाग्य लागतं."

"वैराग्य आलेला मानूस मोरीत जाऊन रडतो व्हय रं?"

"ते भक्तीचे अश्रू, मामी."

मुलगा मनोज दापोड्याच्या गोदामांच्या धंद्यात गुंतलेला. त्यालाही हे पटलं. उलट बरंच वाटलं. सप्ताहात बुवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. लोक रांगेने पाया पडले. बुवा शाल सावरत नुसते बसून होते.

मित्रांनो, खरे विरक्त मी पाहिले आहेत. त्यांच्या तोंडावर प्रसन्नता असते. बुवांच्या तोंडावर तिचा मागमूसही नव्हता. पण मला वाचा कुठली? कुणी थाप मारली तरच मी बोलणार.

पुढच्या सप्ताहात वाजवणारा आलाच नाही, म्हणून केसरीनाथांनी बुवांना गळ घातली. मला खाली उतरवलं. माझं कातडं सुरकुतलं होतं, तरी मी आनंदलो. बुवांनी कणीक मळली आणि थापली, पण उजव्या तोंडावर, शाईवर! मंडपात हशा पिकला.

"बुवा, चपात्या लाटताव का?" कुणीतरी ओरडलं.

बुवा आपल्या हातांकडे पाहत राहिले. हे हात कुणा दुसऱ्याचेच असावेत तसे. मनोज मात्र हसला नाही.

तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. घरी येऊन त्याने पडवीत सगळं सांगितलं. "अल्झायमर म्हणतात, आई. विसरण्याचा आजार. डॉक्टर बोलले, म्हातारपणात अशी उदासी आली ना, तर कधी कधी मेंदूत हे बदल आधीच सुरू झालेले असतात. सगळ्यांचंच तसं नसतं, पण तपासायला पाहिजे. आणि उदासीवर औषध असतं म्हणे. बाबा कधीपासून गप्प आहेत, विचारत होते."

"शाल दिली त्याच्याही आधीपासून," पुतळाबाई म्हणाली.

केसरीनाथ खाली मान घालून ऐकत होते. "मामी, मी पाया पडलो. इचारलं न्हाय."

औषधाने बुवांचं रडणं थांबलं. दोन घास जास्त जातात. पण गेलेली आठवण परत येत नाही. परवा त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"यो मृदुंग कोनाचा?"

"तुमचाच, बाबा," मनोज म्हणाला.

"मना वाजवता येत व्हता?"

पुतळाबाई म्हणाली, "लय चांगला," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

वेळेवर कळलं असतं तर आजार टळला असता, असं मी म्हणत नाही. ते देव जाणे. पण त्या उदास दिवसांत बुवा एवढे एकटे पडले नसते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी गप्प झालं, आवडीचं काम टाकून बसलं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि पाया पडाल तेव्हा लगेच उठू नका. तिथेच बसा, हात हातात घ्या आणि विचारा, "आजोबा, बरं वाटत नाही का?"