अकरावं वळण

शनिवारी सकाळी अप्पांनी चपला काढून जालिंदरच्या हातात दिल्या आणि ते अनवाणीच एमजी गाडीत जाऊन बसले. गाडी पारखायची तर अनवाणी, हा त्यांचा नेम. चामड्याच्या आडून पायाला काही कळत नाही, म्हणायचे.

"नीट ठेव रे."

"ठेवतो की. पर तुमच्या चपला कोन नेतंय? टाचंला भोक हाय."

"हवा खेळायला ठेवलंय ते."

जालिंदर वीस वर्षं आमच्या भवानी पेठेतल्या गॅरेजात होता. इंजिन अप्पांचं, ब्रेक आणि चाकं जालिंदरची, अशी दोघांची वाटणी. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घातलेला मी पाहिला नाही.

सुताचे व्यापारी चनमल्लप्पा यांना एका जहागीरदाराच्या वारसांकडून दोन उघड्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी एक घ्यायची होती. एक्कावन्नची एमजी किंवा चौपन्नची ट्रायम्फ. "दिसायला दोन्ही झकास आहेत, विरुपाक्ष," ते अप्पांना म्हणाले होते. "चालवायला मजा कुठलीत आहे, तेवढं सांगा." अप्पांच्या मते सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात, खरं काय ते वळणावर कळतं. म्हणून गॅरेजात नीट करून घेतलेल्या दोन्ही गाड्या त्याच दिवशी तुळजापूरच्या घाटात न्यायच्या होत्या.

मी त्यांच्या डाव्या हाताला वही घेऊन बसले. मी शाळेत मराठी शिकवते, इंजिनातलं मला काही कळत नाही. नंदा नोंदी घेते, असं सगळे समजत. नोंदी मी घेत होतेच, पण माझं काम ते नव्हतं.

"पाचवं. डावं. मोकळं आहे," मी म्हणायची. "सहावं. उजवं. बैलगाडी येतेय."

वर्षापूर्वी मी डावीकडून पुढे केलेला चहा अप्पांच्या कोपराला लागून सांडला होता. मग मी एकदा पेपर वाचताना त्यांच्या डाव्या गालाजवळ बोट धरून पाहिलं. ते वाचतच राहिले. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढताना एवढंच म्हणाले, "वही घेऊन चल." तेव्हापासून घाटातल्या चौदा वळणांना आम्ही नंबर दिले होते. विरुपाक्षच्या हातात गाडी बोलायला लागते, असं सोलापुरात म्हणत. मीही ते ऐकत आले होते आणि मला ते आवडायचं.

एमजीचं इंजिन लहान. चढावर तिला धाप लागायची, पण वळणात शिरली की सुकाणू एवढं नेमकं, की मनात आलं आणि चाक वळलं. ट्रायम्फमध्ये ताकद दुप्पट. तिसऱ्या गिअरमध्येच तिनं अर्धा घाट चढून दाखवला, पण सुकाणूत ढील होती आणि जोरात वळलं की मागची बाजू बाहेर सरकायची.

"लिही," अप्पा म्हणाले. "एमजी ऐकते. ट्रायम्फ ऐकून घेते आणि मग आपल्या मनाचं करते. तुझ्यासारखी."

"मग मजा कुठलीत?"

ते हसले. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. कपाळावरची विभूती तेवढी जागेवर होती.

दहाव्या वळणाच्या पुढे दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत बसल्या होत्या. धुळीनं त्यांच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. "खडी उजवीकडे," मी म्हणाले. "डावीकडे मोकळं." एका बाईनं हातोडा थांबवून आमच्याकडे पाहिलं. पाऊस नाही, विहिरींना पाणी नाही, आणि आम्ही वळणावर मजा येते का ते बघत फिरत होतो. मी नजर वहीत घातली.

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "उतारावर ट्रायम्फ आणखी एकदा बघायला पाहिजे. मनाला पटत नाही. उद्या?"

"उद्या पेपर तपासायचेत. पुढच्या रविवारी जाऊ."

"चनमल्लप्पांना सोमवारी सांगायचंय."

"मग जालिंदरला न्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "वळणं पाठ आहेत मला."

त्या गोष्टीविषयी आमच्यात झालेलं बोलणं एवढंच.

रविवारी ते एकटे गेले. शनिवारी संध्याकाळी ट्रकनं नवी खडी आणून टाकली होती. ती अकराव्या वळणावर होती, डावीकडे. डावं चाक ढिगावर चढलं, गाडी आडवी झाली आणि कठडा तोडून खाली गेली.

आम्हा लिंगायतांत बसवून माती देतात. अप्पांना बसवलं तेव्हा त्यांचे तळवे मला दिसले. पेडलचं काळं वंगण अंगठ्याच्या रेघांत तसंच होतं. अव्वानं, माझ्या आईनं, पदरानं ते पुसायचा प्रयत्न केला. निघालं नाही.

तिसऱ्या दिवसापासून पेठेत बोलणं सुरू झालं. विरुपाक्ष चुकणं शक्य नाही, म्हणजे ब्रेक गेले असणार. आणि ब्रेक कोणी केले होते? बोलण्यात पुढे होते अप्पांचे चुलतभाऊ गुरप्पाकाका. "कुणालाही हाताशी धरून ठेवायचं, मग असंच व्हायचं," ते म्हणायचे. 'कुणालाही' या शब्दावर ते जरा थांबायचे, जालिंदरच्या जातीवरचा रोख सगळ्यांना कळावा म्हणून. दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या लोक परत घेऊन गेले.

जालिंदरनं ट्रायम्फचा सांगाडा गॅरेजात आणवला होता. तो रोज ब्रेक खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. मी एकदा जवळ जाऊन उभी राहिले.

"काय सापडलं, जालिंदरदादा?"

"काय बी न्हाय, ताई." त्यानं वर पाहिलं नाही. "सगळं धड हाय. मंग कसं झालं?"

मी घरी येऊन वही उघडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: अकरावं, डावं, मोकळं.

दहाव्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. गॅरेजातच बाकावर बसले. गुरप्पाकाका त्यांच्या शेजारी, चनमल्लप्पा दारात, अव्वा आतल्या उंबऱ्यावर. जालिंदर उभा होता. अप्पांच्या चपला त्यानं अवजारांच्या फळीवर ठेवल्या होत्या, ओळीनं.

"लिहा हो, ब्रेक निकामी झाले म्हणून," काका म्हणाले. "आमच्या विरुपाक्षनं चाळीस वर्षांत साधी सायकल धडकवली नाही. सगळं सोलापूर सांगेल."

"काम तूच केलंस ना?" हवालदारांनी जालिंदरला विचारलं.

"व्हय."

"नीट केलं होतंस?"

जालिंदर फळीकडे बघत राहिला. "मला तर वाटतंय नीट केलं व्हतं. पर मानूस गेलंय साहेब. तुमी सगळे म्हनता तर आसंल माझंच चुकलं. लिवा."

हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं. अव्वा माझ्याकडे बघत होती. तिला मी काय सांगणार होते? तिच्या नवऱ्याचं जे एवढंच नाव मागं उरलं होतं, तेही मी काढून घेणार होते. आणि मला माहीत असून त्या सकाळी मी पेपर तपासत बसले होते.

मी पुढे झाले.

"थांबा, लिहू नका," मी म्हणाले. "ब्रेक चांगले होते. अप्पांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. वर्षभर. वळणं मी सांगायची. मला माहीत होतं, आणि मी त्यांना एकटं जाऊ दिलं."