टेकडीवरची वॉकीटॉकी

मी वॉकीटॉकी बोलतेय. खरं तर माझं स्वतःचं बोलणं आजच. एरवी मी दुसऱ्यांचेच शब्द वाहिले.

आम्ही दोघी जोडीच्या. बाउबाउ बंदराच्या बाजारातून ला म्बाउने आम्हाला आणलं. इकडे पुरुषांच्या नावाआधी 'ला' लावतात आणि बायकांच्या नावाआधी 'वा'. एक त्याच्या होडीत गेली आणि मी त्याच्या बायकोकडे, वा सारुनियाकडे, स्वयंपाकघरात राहिले.

"नवऱ्याला कमरेला लटकवून फिरतेस की काय?" सासूबाई चिडवायच्या.

"घरात तरी कुठे सापडतो, आई? कमरेला तरी राहू दे," ती म्हणायची.

माझा स्वभाव तिने हळूहळू ओळखला. पत्र्याच्या छपराखाली माझा आवाज गुदमरतो. उघड्या समुद्रावर लांबवर जातो, पण सरळच जातो. होडी क्षितिजाखाली उतरली की नुसती खरखर उरते. मध्ये डोंगर आला तर त्याच्यामागे माझ्या लहरींना सावली पडते, उन्हाला पडते तशीच. पावसाने भिजलेली दाट झाडी तर अर्धा आवाज पिऊनच टाकते.

पश्चिमेचा वारा सुटला, त्या दिवशी ला म्बाउ धाकट्या भावाला, ला रुहीला घेऊन गेला होता. दुपार झाली तरी होडी दिसेना. सगळा गाव किनाऱ्यावर जमला. वा सारुनियाने मला कानाशी धरलं. काहीच नाही. पाण्याची ओढ दक्षिणेला होती आणि दक्षिणेला डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं. ती वळली आणि चालू लागली.

"समुद्राकडे पाठ करून कुठे चाललीस?" सासूबाई ओरडल्या.

"वर. इथे डोंगर आडवा आहे, आई."

झाडीतून चढताना मी मुकीच होते. माथ्यावर उघडा खडक लागला आणि माझ्यातून ला म्बाउचा आवाज आला. होडी फुटली होती. रुहीचा पाय मोडला होता.

खाली धक्क्यावर शेजारचा ला साफी होडी पाण्यात उतरवून तयार होता. त्याच्याकडेही वॉकीटॉकी होती. पण त्याला ला म्बाउ ऐकू येत नव्हता आणि ला म्बाउला तो. डोंगराच्या दोन्ही बाजू फक्त आम्हाला ऐकू येत होत्या. मग एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, असं सुरू झालं.

"साफीभाऊ, टोकाच्या पलीकडे, पांढऱ्या खडकाच्या बाहेर."

"निघालो वहिनी. त्याला म्हणावं, होडी सोडू नकोस."

तिने सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "रुहीला फळीला बांधलंय. फळी एकालाच पेलते. आधी त्याला उचलायला सांग."

"आणि तुम्ही?"

"तू बोलत राहा."

ती बोलत राहिली. घरातलं, कोंबड्यांचं, छपराच्या गळतीचं. मध्येच माझी जोडीदारीण गप्प झाली. नुसती खरखर उरली. खाऱ्या पाण्यात आमचा आवाज हातभरही जात नाही. ते वा सारुनियाला कळलं. तरी ती बटण सोडेना. शेवटी ला साफी वाट विचारत असेल, ते ऐकायचं म्हणून सोडलं.

रुही जिवंत सापडला. ला म्बाउ सापडला नाही.

आता माथ्यावर एक खोपटं आहे. वारा बिघडला की वा सारुनिया तिथे बसते आणि डोंगराच्या अलीकडचं पलीकडे पोचवते. लंगडत रुहीही येतो. तिच्याकडे बघत नाही, लाकडं तेवढी फोडून जातो. सासूबाई कसावाच्या कंदाची उकडलेली वडी आणि मासा घेऊन धापा टाकत चढतात. सून जेवायला बसली की मला मांडीवर घेतात आणि बटण न दाबताच विचारतात, "जेवलास का रे?"

तो शब्द माझ्यातून कुठेही जात नाही. पण मी तो रोज ऐकते.

माझी बॅटरी फार टिकत नाही आता. ला साफी नवी वॉकीटॉकी आणणार आहे, आणि ती यायलाच हवी. समुद्रावर माणसं आहेत. एवढंच मागते, मला अडगळीत टाकू नका. म्हातारीच्या मांडीवर ठेवा. तिला माझ्या बॅटरीची गरज नाही.