टाचणीचा चेहरा

टाचणी नावाची कुणी बाई जगात नव्हतीच. होत्या त्या दोघी, एका घरातल्या नणंद-भावजया, आणि दोघींचं खरोखर पटायचं. शेजाऱ्यांचा यावर अजून विश्वास बसत नाही.

वहिनी प्रोग्रामर. मूल झाल्यावर नोकरी सुटली, पण हात शिवशिवायचे. छोट्या ग्रंथालयांसाठी जगभरचे हौशी लोक मिळून एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहितात, त्यात ती फुकट काम करू लागली. पहिली दुरुस्ती तिने स्वतःच्या नावाने पाठवली आणि कुणा दीडशहाण्याने तिची अशी सालटी काढली की तिचं जेवणावरून मनच उडालं. नणंद वकील, नाकावर माशी बसू न देणारी. तिने ते वाचलं, वहिनीला खुर्चीवरून उठवलं, टाचणी असं टोपणनाव घेतलं आणि त्या माणसाला इतकं गोड, इतकं मुद्देसूद उत्तर दिलं की त्याने माफी मागितली.

तेव्हापासून तसंच चाललं. कोड वहिनीचा, बोलणं नणंदेचं. नवख्यांना चुचकारणं, भांडणं मिटवणं, अधूनमधून चिमटा काढणं, सगळं टाचणीच्या नावावर. दोघी लॅपटॉपला डोकी लावून बसल्या की एकीच्या भावाला, म्हणजे दुसरीच्या नवऱ्याला, आपल्याच चहाड्या चालल्यात असं वाटे. अधूनमधून ते खरंही असे.

मग प्रकल्पाने नियम केला. टोपणनाव खुशाल ठेवा, पण एका नावामागे एकच माणूस हवा. आणि ज्याला चावी मिळेल, म्हणजे दुसऱ्यांचं काम तपासून आत घेण्याचा अधिकार, त्याने दोन जुन्या सभासदांना व्हिडिओवर एकदा चेहरा दाखवावा. नियमात वावगं काही नव्हतं. आणि चावी देऊ केली होती टाचणीला.

वहिनीला ती चावी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. इतक्या वर्षांत घरातलं सोडून तिच्या पदरात पडलेलं असं काही नव्हतंच. कोड आपला, म्हणजे टाचणी आपणच, असा तिने हिशेब केला आणि चाचरत नणंदेला सांगितला.

"अगं, तुझंच आहे ते," नणंद हसून म्हणाली. "मी काय, नुसती टायपिस्ट." तिचा चेहरा क्षणभर उतरला होता. वहिनीला तो दिसला, आणि तिने न दिसल्यासारखं केलं.

वहिनीने चेहरा दाखवला, चावी मिळाली. नणंदेने 'तुझंच आहे' हा शब्द पाळला. त्या लॅपटॉपकडे ती पुन्हा फिरकली नाही.

लवकरच एका नवख्याने आपलं पहिलंवहिलं काम पाठवलं. ते चुकलेलं होतं. वहिनीने खूप वेळ शब्द शोधले, सापडले नाहीत, तेव्हा लिहिलं, 'चुकीचं आहे. पुन्हा करा.' तो नवखा परत आलाच नाही. दुसऱ्यालाही असंच उत्तर गेलं. कुणी विचारलं, टाचणी, बरी आहेस ना? मग कुणाला शंका आली की खातं चोरीला गेलंय. चावी तात्पुरती काढून घेतली आणि वहिनीला पुन्हा व्हिडिओवर बोलावलं.

समोर तेच दोघे होते. त्यांतल्या म्हाताऱ्या ग्रंथपालाने चष्मा वर करून तिला नीट न्याहाळलं.

"चेहरा तोच आहे," तो अवघडून म्हणाला. "पण बाई, चेहऱ्यावरून आम्ही टाचणीला कधी ओळखतच नव्हतो. माझी बायको गेली तेव्हा जिने मला पत्र लिहिलं, ती तुम्हीच का?"

तसं पत्र गेल्याचं वहिनीला ठाऊकच नव्हतं. हो म्हटलं असतं तर चावी परत मिळाली असती. पुरावा कोण मागणार होतं? खरं सांगितलं तर चावी जाणार, आणि दोघींनी मिळून एक नाव चालवलं म्हणून कदाचित टाचणीही जाणार. तिला स्वतःची लाज वाटली, आणि नणंदेचा हेवाही वाटला, दोन्ही एकदमच.

"नाही," ती म्हणाली. "कोड माझा आहे. पत्र माझं नाही."

नणंद बाहेरच्या खोलीत अशिलाचे कागद लावत होती. वहिनीने मान वळवून तिला हाक मारली.

"वन्सं, जरा येता का? तुमच्या ओळखीचे आहेत कुणीतरी."