लांबची लेन्स

"पहले ये बोलो, फोटो किसका निकालना है?" दुकानदाराने काचेच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून विचारलं. "पंछी का? शादी का? लेन्स उसपे से तय होता है, बेन."

फोर्टातल्या त्या अरुंद दुकानात नेत्रा घरत पाऊण तास उभी होती. कॅमेरा ठरला होता. त्याच्याबरोबर मिळणारी छोटी लेन्स तर येणारच होती. प्रश्न होता तो वरच्या एका लेन्सचा, आणि दोन घ्यायची ऐपत नव्हती. समोर दोन्ही मांडून ठेवल्या होत्या. एक पन्नास मिलिमीटरची, वाटीएवढी, हलकी. दुसरी पंचावन्न ते अडीचशे, चांगली वीतभर लांब.

"चेहरा काढायचाय," नेत्रा म्हणाली. "एकाच माणसाचा."

"चेहरा? फिर सोचना क्या? पचास! आँख बंद करके पचास!" त्याने छोटी लेन्स पुढे सरकवली. "मागचा सगळा धुरकट, चेहरा एकदम साफ. पाच-सहा फुटावर उभं रहायचं, बस."

"पाच-सहा फुटांवर न्हाय जमणार. लांबून काढायचाय. पस्तीस-चाळीस फूट. मधे जास्वंदीचं कुंपण आहे."

दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. "चाळीस फुटावरून चेहरा? वाघ आहे काय तुमच्या घरी?"

"आई आहे," नेत्रा म्हणाली. "जवळ गेलं की तोंडावर पदर घेते. म्हणते, एकटीचा फोटो काढलास तर मी भिंतीवर जाईन."

तो हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्याने पन्नासची लेन्स उचलून मागच्या फळीवर ठेवली, आणि लांब लेन्सची काच मऊ फडक्याने पुसू लागला. "फिर ये ले जाओ," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हिला उजेड लागतो. सावलीत फोटो हलणार."

परतीच्या बोटीत नेत्राने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी सुरू होऊन महिनाच झाला होता. मांडव्यापर्यंत सगळे प्रवासी मोबाईल वर करून सीगल पक्ष्यांचे आणि स्वतःचे फोटो काढत होते. नेत्राने मात्र कॅमेरा बाहेर काढला नाही. तिला आधी एकच फोटो काढायचा होता.

बावीस वर्षं ती अलिबागच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती, आणि या बावीस वर्षांत तिने एकही फोटो काढलेला नव्हता. फोटो काढायला पुरुष जात. काढलेला सुधारायचा तो नेत्राने, आतल्या खोलीत, काँप्युटरपुढे. लग्नसराईत अल्बम असत, पण बारा महिने चालणारं काम म्हणजे मेलेल्यांचे फोटो. कुणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी घरचं माणूस आधारकार्ड घेऊन येई, नाहीतर कुठल्याशा साखरपुड्याचा घोळक्यातला फोटो. "ताई, दुसरा फोटोच न्हाय हो." मग नेत्रा त्या घोळक्यातून माणूस कापून काढायची. शेजारच्याचा खांदा पुसायची, मागचा मांडव पुसून निळं आकाश घालायची. तिच्या काँप्युटरात सहा कोट आणि नऊ साड्या तयार होत्या. जन्मभर उघड्या अंगाने नारळी-पोफळीच्या वाडीला पाणी लावलेली कितीतरी माणसं भिंतीवर गेली ती नेत्राने चढवलेल्या कोटात. कुणी तक्रार केली नाही. हौसेने फ्रेम करून घेऊन जात.

तक्रार केली ती एकट्या वेणूबाईने, तिच्या आईने.

नऊ वर्षांपूर्वी नेत्राचे वडील, मोरू घरत, अचानक गेले. त्यांचा एकच धड फोटो होता, पुतणीच्या, मृणालीच्या लग्नातला. मोरू खुर्चीवर बसलेला आणि वेणूबाई मागे उभी. स्टुडिओचे जुने मालक नाना कॅमेऱ्यामागून ओरडले होते, "वहिनी, खांद्यावर हात ठेवा की!" सगळा मांडव हसला होता. वेणूबाईने लाजून चूर होत हात ठेवला. चार माणसांत नवऱ्याला हात लावायची तिची ती पहिली आणि शेवटची वेळ. वडील गेल्यावर नेत्राने तोच फोटो घेतला, त्यातून वडिलांना कापून काढलं, राखाडी कोट चढवला, आणि खांद्यावरची चार बोटं एकेक करून पुसून टाकली. काम इतकं सफाईदार झालं की दीपेशने, नानांच्या मुलाने, पाठ थोपटली.

बाराव्याला वेणूबाई फ्रेमपुढे बराच वेळ उभी राहिली होती.

"ह्यो कोन? कुठला सायेब?" तिने विचारलं. मग जवळ जाऊन खांदा निरखला. "माझी बोटां कुठं गेली गो?"

"काढावी लागतात, आये. भिंतीवर एकट्याचाच लावतात."

"एकटाच केलास त्याला," वेणूबाई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्यावर पुन्हा कधी ती एका शब्दाने बोलली नाही. पण नेत्राच्या मनात ते वाक्य काट्यासारखं मोडून राहिलं. नेत्राचं लग्न जमलं नव्हतं, आणि धाकटा निकेत ट्रेलरच्या धंद्यापायी उरणला गेल्यावर ते जमवायला कुणी फारसं बसलंही नाही. नागावच्या वाडीत मायलेकीच उरल्या. वेणूबाईला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. आज ना उद्या तिचाही फोटो लागणार हे नेत्राला ठाऊक होतं, बावीस वर्षं तेच तर पाहिलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी आईला कुठून कापून काढावं लागू नये. आईचा एक आख्खा, खरा फोटो असावा. पदर तिचाच, मागची वाडीही तिचीच.

वेणूबाई मात्र दाद देत नव्हती. "एकटीचा फोटू कुनी काढतं का? भिंतीवर जानाऱ्याचा काढतान. मना अजून वाल पेरायचं हाय." मोबाईल नुसता वर केला तरी पदर तोंडावर जाई. लांबून मोबाईलने काढला तर चेहरा भिजल्या वर्तमानपत्रासारखा दिसे. म्हणून तर ही लांबची लेन्स.

दुसऱ्या दिवसापासून नेत्रा कामावर जाण्याआधी विहिरीपलीकडे जास्वंदीच्या कुंपणामागे उभी राहू लागली. तिथून पडवी समोर दिसायची. वेणूबाई पडवीत बसून तांदूळ निवडायची, नाहीतर झाडूसाठी झावळ्यांचे हीर काढायची. लेन्समधून आई अशी समोर आली की नेत्राला पहिल्यांदा दचकायलाच झालं. भुवईवरचा व्रण, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, सगळं हाताच्या अंतरावर. इतक्या वर्षांत एवढ्या निवांतपणे तिने आईकडे पाहिलंच नव्हतं. पण नारळी-पोफळींची सावली दाट. दुकानदार म्हणाला तेच झालं. प्रत्येक फोटो हललेला.

"अरे, सावलीत हलतो फोटो," रविवारी ती फोनवर निकेतला सांगत होती. "अंगणात बसली पायजे, आठ-साडेआठच्या उन्हात. पण तिला सांगू कसं?"

"ताई, सोड ना. मोबाईलमधे येतो की फोटो."

"तुला न्हाय कळणार."

वेणूबाई तेव्हा पलीकडेच वाल सोलत बसली होती. पण तिची काळजी नव्हती. वेणूबाईला कमी ऐकू यायचं, म्हणजे तिला हवं तेवढं यायचं.

मंगळवारी सकाळी वेणूबाई सूप घेऊन अंगणात येऊन बसली, नेमकी उन्हात. नेत्राला देव पावला. पण सूप ठेवल्यावर ती पुन्हा आत गेली आणि नवऱ्याची नवारीची लाकडी खुर्ची ओढत बाहेर घेऊन आली. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा जुना पंचा. ती आपल्या बाजूला मांडली आणि मग तांदूळ निवडायला लागली.

नेत्रा वैतागली. आईला लेन्समध्ये धरावं तर खुर्ची आत शिरायची. जरा जवळ ओढावं तर खुर्चीचा अर्धा हात यायचा, तो आणखी वाईट दिसायचा. बुधवारी तेच, गुरुवारी तेच.

"आये, बाबांची खुर्ची रोज भाईर कशाला काढतेस?"

"नवारीत ढेकून झालेत. ऊन लावते."

नेत्राने मग नाद सोडला. खुर्ची काय, नंतर कापता येईल. दोन मिनिटांचं काम.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी वेणूबाई जांभळं बुट्ट्यांचं लुगडं नेसून अंगणात आली. बाकीची वाळत असतील, असं नेत्राला वाटलं. थोडा वेळ बसून ती उठली, खुर्चीच्या मागे, जरा एका बाजूला जाऊन उभी राहिली. गुडघे दुखत असणार, म्हणून धरून उभी आहे. पण चेहऱ्यावर ऊन इतकं सुरेख आलं होतं की नेत्राने खुर्चीबिर्ची पाहिलीच नाही. श्वास रोखून तिने बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर चेहरा लख्ख उमटला होता; हललेला नाही, एवढंच तिने पाहिलं.

तिने तो काँप्युटरवर टाकला मात्र नाही. स्टुडिओतल्या त्या यंत्रात एकेकट्या माणसांचे फोटो जात ते मेलेल्यांचेच. तिथे आईला ठेवायला तिचा हात धजेना. कॅमेरा कपाटात गेला. जास्वंदीमागे उभं राहायचं थांबलं, तशी खुर्चीही आत गेली. ढेकूण गेले असतील म्हणून नेत्राने विचारलंही नाही.

जानेवारीत वालाला शेंगा धरल्या. शेंगा खुडता खुडता वेणूबाई बांधावर टेकली ती उठलीच नाही. नेत्रा तेव्हा अलिबागला काँप्युटरवर कुणाला तरी हिरवी साडी नेसवत होती.

तिसऱ्या दिवशी निकेतची बायको अमिषा मागच्या दारी कुणाशी तरी बोलताना नेत्राने ऐकलं. "ताई लपूनछपून त्यांचे एकटीचे फोटो काढत व्हत्या. त्यांना आवडत नव्हतं..." नेत्रा दिसताच ती बादली उचलून विहिरीकडे वळली. वाईट मनाने बोलली नव्हती बिचारी. पण बोलली ते खरं होतं. आई नको म्हणत होती. आपण चोरून काढला. त्या रात्री आणि पुढच्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पाचव्या दिवशी ती स्टुडिओत गेली.

"ताई, तुम्ही नका बसू. मी करतो," दीपेश म्हणाला.

"माझं मी करते."

तिने फोटो उघडला. आई, अंगण, खुर्ची. सवयीने हाताने कापायचं हत्यार निवडलं आणि कडा नीट दिसाव्यात म्हणून फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

वेणूबाई कॅमेऱ्याकडे बघत होती. जास्वंदीतून, चाळीस फुटांवरून, थेट लेन्सच्या आत. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. ओठ मिटलेले, लाजल्यासारखे. नेत्राने फोटो खाली सरकवला. खुर्चीच्या पाठीवर, पंच्यावर, जिथे माणसाचा खांदा आला असता तिथे, वेणूबाईची चार बोटं टेकलेली होती. धरून नव्हती उभी. अलगद ठेवली होती. ही चार बोटं नेत्राला पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी याच काँप्युटरपुढे बसून तिने ती एकेक करून पुसली होती. आणि ते जांभळं लुगडंही तेच होतं, मृणालीच्या लग्नातलं.

फोनवरचं सगळं बोलणं आईला ऐकू गेलं होतं. ऊन, वेळ, सगळं. पोरीला फोटो हवाय तर तिने दिला होता. फक्त एकटीचा दिला नव्हता. आणि आपण रोज त्या खुर्चीवर चरफडत होतो, हे आठवून नेत्राला भडभडून आलं. तिने तोंडात पदर कोंबला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या आतल्या खोलीत ती रडली.

आवाज ऐकून दीपेश आत आला. पडद्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "ही खुर्ची उडवायची ना, ताई? द्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको रे," नेत्रा म्हणाली. "बोटं जातील."

बाराव्याच्या सकाळी निकेतने कोटातल्या बापाचा फोटो खिळ्यावरून उतरवला आणि नवा लावला. तो आडवा होता, नेहमीच्या फोटोंच्या दुप्पट रुंद, आणि निकेतने आणलेला हार एकट्या माणसाच्या मापाचा होता. तो आईच्या बाजूला धरावा तर खुर्ची उघडी पडे. नेत्राने वडिलांच्या जुन्या फ्रेमवरचा चंदनी हार काढला, त्याची गाठ सोडली, आणि दोन्ही हार एकमेकांना बांधून निकेतच्या हातात दिले.