एकोणपन्नासाव्या पानापासूनच्या पिना

वाचनालयाचे कार्यवाह साहेब, माझी आठ पानं पिना ठोकून तुम्ही बंद केलीत. इथे कोणी विचारत नाही, म्हणून मीच बोलते.

मित्रांनो, मी आर्वीच्या एका वाचनालयातली जुनी चित्रकादंबरी आहे. माझ्यात धुक्याचं राज्य आहे. आगपाखरावर बसून लढणारी सेनापती इरावी आणि त्या पाखरांना दाणा घालणारी शेवरी, या दोघींच्या प्रेमाची मी गोष्ट. चार वर्षं मला कोणी हात लावला नाही. मग आकांक्षा आली. कॉलेज सुटलं की बस लागेपर्यंत मला घेऊन खिडकीशी बसायची. घरी मात्र कधी नेलं नाही.

"वाचून राह्यली का खाऊन राह्यली व त्याले?" ग्रंथपाल शोभाबाई हसायच्या.

"काकू, याच्यात पोरीले पोरगी आवडते, अन् कोणी त्याहिले मारत नाई! सेनापतीची माय म्हणते, आण तिले घरी जेवाले!"

शोभाबाईंनी चष्मा वर केला. "बरी हाय ना मंग माय," एवढंच म्हणाल्या.

असं सुख मी छापखान्यातही पाहिलं नव्हतं. आणि ती लग्नाच्या पानापर्यंत पोचण्याआधीच तुमच्या पिना आल्या. बाविसाव्या पानावर तीस मुंडकी उडतात, तिथे पिन नाही. एकोणपन्नासाव्यापासून दोघींचं लग्न लागतं, तिथे पिना! मी कागदाची, मला अक्कल कमी असेल. पण हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मग वार्षिक पडताळणी आली. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर गोल शिक्का असतो. तो दिसला तर पुस्तक आपलं.

"याचा शिक्का कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"साहेब, पिनांच्या आत हाये. काढू का पिना?"

"पिना काढायच्या नाहीत."

"मंग शिक्का कसा दिसंन?"

"दिसत नाही ना? मग पुस्तक आपलं नाही. रद्दीत टाका."

रद्दीच्या गठ्ठ्यात काल आकांक्षाने मला शोधलं. पिनेला नख लावलं.

"फाडू नको माय, माह्यी नौकरी जाईन," शोभाबाई म्हणाल्या.

पोरीने नख मागे घेतलं. पान उजेडासमोर धरून पाहिलं. नुसत्या सावल्या दिसल्या. "काकू, लगन होते का नाई व त्याहिचं?"

शोभाबाई गठ्ठ्याची सुतळी आवळू लागल्या. त्यांना पान पाठ आहे, तरी सुतळीच आवळली. हेही मला कळलं नाही.

मित्रांनो, पुस्तकाचे कोपरे दुमडू नका, भिजवू नका, हे सगळेच सांगतात. मी म्हणते, बंद पान दिसलं तर ते कोणी बंद केलं ते विचारा.

साहेब, शनिवारी रद्दीवाला येतोय. त्याआधी ती पोरगी पुन्हा येईल. दोन पोरींचं चित्रातलं लग्न तिने पाहिलं तर तुमचं नेमकं काय बिघडतं? तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा.