ढोलाकडे पाठ

मी एक जुना ढोल आहे. मित्रांनो, जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादं फाटकं, मरतुकडं वाद्य आलं असेल. तसं काही नाही. माझं पोट शिवणीच्या झाडाच्या एकसंध खोडाचं आहे आणि अजून कुठेही तडकलेलं नाही. धडगावच्या वरच्या अंगाला, जिथे जीपवाले चढायला का-कू करतात, त्या पाड्यावर दिवाल्या नावाच्या माणसाचं घर आहे. तिथे मी आढ्याला टांगलेला असतो.

दिवाल्यानेच मला घडवलं. तेव्हा तो मिसरूड फुटलेला तरुण होता. वादळात पडलेली शिवण त्याने नाल्यातून ओढत आणली, वाकसाने तासली, आतून कोरली आणि दोन्ही तोंडांवर बोकडाचं कातडं दोरीने आवळून बसवलं. मग जाळ करून मला शेकलं आणि गळ्यात अडकवून पहिली टिपरी मारली. पलीकडच्या टेकडीवरच्या बायका अंगणात आल्या आणि कोणाकडे काय आहे म्हणून विचारू लागल्या. तो दिवस आठवला की अजून माझं कातडं ताठ होतं.

पुढची कितीतरी वर्षं माझ्याशिवाय पाड्यावर पान हललं नाही. नवरी आली की मी, नवं धान्य आलं की मी, आणि होळीला तर विचारूच नका. कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले नाचणारे माझ्याभोवती फेर धरायचे. आमच्या पाड्याची एक रीत होती. नाचणाऱ्याचं तोंड ढोलाकडे आणि पाठ डोंगराकडे. कितीही गिरक्या घ्या, पण थांबताना तोंड माझ्याकडेच हवं. ढोलाकडे पाठ करणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठून जाणं. मला या मानाची चटक लागली होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. शेकडो डोळे आपल्याकडे लागलेले कोणाला नको असतात?

त्या डोळ्यांत दोन डोळे सुकरामचे होते. तो दिवाल्याचा पुतण्या. त्याची आई भुरीबाई त्याला पाठीला बांधून नाचायची, म्हणून चालायच्या आधीच त्याला ठेका कळला. पुढे हा पोरगा घाटरस्त्याने जीपच्या पुढे धावू लागला. धावता धावता नाशिकला गेला, मग परदेशात गेला आणि पदक घेऊन आला. त्याचा फोटो पेपरात छापून आला आणि धडगावच्या चौकात त्याचा केवढा तरी मोठा बॅनर लागला. सुकराम नामांकित माणूस झाला.

आणि नामांकित माणसांवर एक वेगळंच संकट येतं, मित्रांनो. त्यांना टीव्हीवर नाचायला बोलावतात.

त्या स्पर्धेत मालिकेतली एक नटी होती, एक गायक होता, एक क्रिकेटवाला होता. सगळ्यांना तयारीसाठी दीड महिना मिळणार होता, आणि पुढे दर आठवड्याला एक नवा नाच बसवायचा होता. ज्याला जमणार नाही, तो घरी. सुकरामला वाटलं, दीड महिना कशाला हवा? दिवाल्यालाही तसंच वाटलं. "नाच काय शिकायचा असतो?" तो आमच्या बोलीत म्हणाला आणि पोट धरून हसला. मीही मनातल्या मनात हसलो.

सुकरामला नाच शिकवायला भाविका नावाची मुलगी आली. ती शहाद्याकडच्या गुजर शेतकऱ्याची लेक, मुंबईत नाच बसवायची, पण गावाकडे आली की तोंडात अहिराणी. तयारी धडगावच्या सभागृहात सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने स्पीकरवर गाणं लावलं आणि "एक, दोन, तीन, चार" मोजू लागली. सुकराम खांबासारखा उभा. धावणाऱ्याचे पाय ते, मोजून टाकायची त्यांना सवय नाही. शेवटी भाविका कंटाळून म्हणाली, "तुन्हा काकाले बलाव. ढोलवर नाची दाखाड."

मी गेलो. दिवाल्या भिंतीशी उभा राहिला, त्याने टिपरी मारली, आणि सुकराम असा नाचला की भाविका मोजायची विसरली. सभागृहाचा चौकीदारसुद्धा दारात येऊन उभा राहिला. माझी छाती फुगली. मग भाविकाने स्टँडवर लावलेला मोबाइल काढून बघितला आणि कपाळावर हात मारला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुकरामची पाठ होती.

"दादा, नाच तर तुले झकास येस," ती म्हणाली. "पन लोके काय देखतीन? तुन्ही पाठ?"

"ताई, ढोलले पाठ नई दाखाडतस," सुकराम म्हणाला.

हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण भाविकाचा चेहरा उतरला. तिने त्याला समोर बघायला सांगितलं, तो दोन ठेके समोर बघायचा आणि पुन्हा आमच्याकडे वळायचा. हट्ट नव्हता तो. अंगात मुरलेलं होतं. आठवडा गेला, दुसरा गेला. इतर मंडळी मुंबईत गिरक्या शिकत होती आणि आमचा पदकवाला अजून तोंड कुठे करायचं तेच शिकत होता. आता त्याचंही हसू मावळलं. एका दुपारी तो पायरीवर बसून म्हणाला, "काका, पहिल्याच दिवशी घरी पाठवतील मला. म्हणतील, डोंगरातल्या माणसाला पळता येतं, बाकी काही येत नाही."

मग भाविकाला एक युक्ती सुचली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आठे या. मोबाइलना मांगे उभा ऱ्हा."

दिवाल्या मला घेऊन मोबाइलच्या मागे उभा राहिला. सुकरामचं तोंड आपोआप आमच्याकडे, म्हणजेच मोबाइलकडे वळलं. भाविका टाळ्या पिटू लागली. पण युक्ती एवढ्यावर संपत नव्हती. टीव्हीवर काही मी नसणार होतो, तिथे आधी भरून ठेवलेला आवाज वाजणार होता. म्हणून रोज ती आम्हाला थोडं बाजूला सरकवायची. आधी कोपऱ्यात, मग दारात. सुकरामची मान आमच्यामागे वळू लागली की ती मोबाइलकडे बोट दाखवायची. शेवटी एक दिवस ती खाली मान घालून म्हणाली, "आते बाहेर जा, बाबा. मनवर लेऊ नका."

"पोऱ्यानं हसू व्हवाले नको," दिवाल्या म्हणाला. "मी जास."

आम्ही ओट्यावर उभे राहून वाजवलं. आत सुकराम मोबाइलकडे बघून नाचत होता, आणि चुकत नव्हता. मित्रांनो, कोणाला काही शिकवायला कमी लागतं, पण मुरलेलं विसरायला लावायचं तर जीव लागतो. माझ्याकडे पाठ करायला त्याला मीच शिकवलं. मला दुःख झालं, आणि तो चुकत नाही याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा भुरीबाईच्या घरी टीव्हीपुढे सगळा पाडा जमला. दिवाल्याने मलाही नेलं. सुकराम झगमगत्या मंचावर आला आणि थेट आमच्या डोळ्यांत बघून नाचला. परीक्षक उभे राहिले. भुरीबाई पदराने डोळे पुसत टीव्हीच्या काचेवरून हात फिरवत होती. तो शेवटी जिंकला नाही, पण नटी आणि क्रिकेटवाला गेले तरी तो टिकून होता.

त्यानंतर मात्र मी आढ्यालाच राहिलो. लग्नांत डीजे आला. दिवाल्याची दोन्ही मुलं मजुरीला गुजरातेत गेली, त्यांना माझं वजन उचलायला सवड नव्हती. दिवाल्याचे गुडघे गेले. कधीमधी तो मला खाली घ्यायचा, धूळ पुसायचा आणि पुन्हा वर टांगायचा. माझ्यानंतर हा ढोल कोण वाजवेल, असं तो भुरीबाईला विचारायचा.

मग होळी आली आणि सुकराम गावी आला. दुसऱ्या दिवशीच्या मेळ्यात दिवाल्याने हट्टाने मला गळ्यात घेतलं. ठेका सुरू झाला, फेर धरला गेला, सुकराम मध्ये उतरला. आणि चहूकडून मोबाइल वर झाले.

सुकरामने माझ्याकडे पाठ केली.

त्याला कळलंसुद्धा नाही. समोर मोबाइल दिसला की तोंड तिकडे, एवढंच त्याचं अंग आता जाणत होतं. लोक खूश होऊन ओरडत होते. दिवाल्याने वाजवणं थांबवलं नाही. तो मला घेऊन फेराच्या बाहेरून चालत गेला आणि सुकरामच्या समोर जाऊन उभा राहिला. सुकराम हसला, नाचला आणि दुसऱ्या बाजूच्या मोबाइलकडे वळला. दिवाल्या पुन्हा चालू लागला. ज्याच्याभोवती सारा पाडा फिरायचा, तो ढोल आता एका नाचणाऱ्याभोवती फिरत होता. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटत होते, घाम माझ्या कातड्यावर गळत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पुरे कर आता, नाही बघत तो. पण मला माझा आवाज कुठे आहे? मला दिवाल्याचाच हात.

मग ठेका चुकला. दिवाल्याकडून ठेका चुकलेला मी जन्मात ऐकला नव्हता. सुकरामनेही नाही. तो जागच्या जागी थांबला, वळला, आणि काकाला तसा धापा टाकताना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुढे येऊन माझी दोरी दिवाल्याच्या मानेतून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

आता पाठ करणार तरी कशी? मी त्याच्या छातीवर होतो.

त्याने टिपरी मारली. मित्रांनो, काय सांगू, इतकं वाईट मला कोणी कधी वाजवलं नव्हतं. फेरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लोकांनी एकेक करून मोबाइल खिशात घातले, कारण त्यात भरून घेण्यासारखं काही नव्हतं.

"काका," सुकराम हळूच म्हणाला, "हे शिकायला किती दिवस लागतील?"

दिवाल्या धुळीतच बसला होता. "लागतील तेवढे लागू दे," तो म्हणाला. "उद्या पहाटे ये."

सुकराम आला. तो अजून शिकतो आहे, आणि अजून चुकतो आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही टांगलेलं असेल, तर त्याला हार घालू नका, त्याच्यासोबत फोटोही काढू नका. त्याला खाली उतरवा, उन्हात शेकवा आणि गळ्यात घ्या. वाजवता येत नसेल तरी वाजवा. चुकीचं वाजणं आम्हाला चालतं.